जास्वंदीच्या कुंपणावर पांढरा कापूस, झाडं वाचवायची कशी?

वाघूरकाठ (भुसावळ) | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या घराच्या कुंपणाला लागून अकरा जास्वंदी आहेत. सासूबाईंनी लावलेल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण गणपतीला रोज त्यांच्याच झाडाचं फूल जातं. त्यामुळे ही झाडं जगणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

संक्रांतीच्या आसपास कोपऱ्यातल्या लाल जास्वंदीचा शेंडा आखडलेला दिसला. वाटलं थंडीने असेल. आता अकरापैकी सात झाडांची तीच गत आहे. शेंड्याची पानं एकमेकांत अशी गुंतलीत की मूठ आवळल्यासारखी दिसतात, उघडायला गेलं तर तुटतात. देठाच्या बगलेत पांढरा कापूस. नखाने खरवडला तर बोटाला गुलाबी ओल लागली. खालच्या पानांवर काजळी फासल्यासारखा काळा थर आहे, बोट फिरवलं की निघतो. अंगणातल्या फरशीवर चिकट थेंब पडतात, चप्पल उचलताना आवाज येतो. कळ्या उमलायच्या आधीच गळतात.

पंधरा दिवसांपूर्वी बाजारातल्या एका दुकानातून दोन औषधं आणली. दुकानदाराने सांगितलं, दोन्ही एकत्र करून मारा. मारली. पहिले आठ दिवस झाड स्वच्छ दिसलं. मग कापूस परत आला, आधीपेक्षा दाट. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी झाडाखाली मेलेल्या मधमाश्या आणि लाल पाठीचे ते छोटे गोल किडे पडलेले होते. ते पाहून मन खूप खट्टू झालं. परत तीच फवारणी करायला हात धजावत नाही.

झाडं छाटून टाकू का? उपटू का? नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, हेही लक्षात घेऊन सांगा.

---

बांधावरचा (धुळे) | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ताई, उपटू नका. जास्वंद चिवट झाड आहे, मुळं शाबूत असतील तर ती परत उभी राहते.

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरज नाही. हा पिठ्या ढेकूण. काही जण मिलीबग म्हणतात. त्यातही चिरडल्यावर गुलाबी ओल आणि शेंड्याची मूठ ही जास्वंदीवरच्या गुलाबी पिठ्याची खूण आहे. पपईवरचा पिठ्या चिरडला तर पिवळट ओल येते. गुलाबी पिठ्याच्या लाळेतच असं काही असतं की कोवळा शेंडा वाढायचा थांबतो आणि वेडावाकडा होतो. म्हणून तो आखडलेला शेंडा औषधाने सरळ होणार नाही. तो कापावाच लागेल.

मी कृषी खात्यात होतो, तीस वर्षं कपाशीच्या शिवारात फिरलो. जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी हे सगळं एकाच कुळातलं. आपल्याकडे पौष-माघात पऱ्हाट्या उपटल्या जातात. तोवर कपाशीवर पोसलेली रसशोषक कीड मग भेंडीवर, अंबाडीवर, बांधावरच्या पेटारीवर, गाजरगवतावर आणि तुमच्याआमच्या जास्वंदीवर येते. तुमच्या घराच्या मागे कपाशी होती का? नसली तरी कुंपणाबाहेर गाजरगवत आहे का ते पाहा. असेल तर फुलं यायच्या आत हातमोजे घालून उपटा.

आता तुमचं औषध का फसलं ते सांगतो. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, पाणी त्यावरून ओघळून जातं. तो कापूस म्हणजे त्याची अंड्यांची पिशवी. एका पिशवीत दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी. फवारणी वरच्यावर राहते, आत पोचत नाही. आठवड्याभरात अंडी फुटून पिल्लं बाहेर पडतात, आणि त्यांना खाणारे ते लाल पाठीचे ढालकिडे तर तुमच्या औषधाने आधीच गेलेले. म्हणून दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते. शेतातही हेच होतं.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगावर मेण नसतं. तेवढे दोन-चार दिवस ते साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतं. आपल्याला गाठायचंय ते त्याच दिवसांत. म्हणून एकदाच जालीम औषध मारण्यापेक्षा सौम्य फवारा दर सात-आठ दिवसांनी, तीनदा.

उद्या सकाळी इतकंच करा. आखडलेले शेंडे खाली चार-सहा इंचांपर्यंत कापा आणि कापल्या कापल्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. घंटागाडीत नको, खताच्या खड्ड्यात नको, रस्त्याच्या कडेला तर मुळीच नको. पिल्लं वाऱ्याने, झाडूने, आपल्या कपड्याला चिकटून पसरतात. कात्री प्रत्येक झाडानंतर पुसा. आणि चांगली चार झाडं आधी हाताळा, आजारी सात नंतर.

पाण्याचं म्हणाल तर पाच लिटरचा दाबाचा हातपंप आणा. बारीक धार जोरात बसते, पाणी कमी लागतं. पानाची मागची बाजू आणि देठाची बगल धुवायची. नुसत्या धारेने अर्धी कीड खाली पडते.

खत काय घालता?

---

केळीबाग (रावेर) | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

राम राम. बांधावरच्या दादांबद्दल पूर्ण आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे केळीवर मावा दिसला की आम्ही वाट पाहत बसत नाही. हरण्या, म्हणजे माव्याने पसरणारा केळीचा विषाणूरोग, आला की घडच हाताला लागत नाही, कर्ज अंगावर राहतं. ताई, इमिडाक्लोप्रिड मुळाशी द्या, झाडाच्या रसात उतरतं, मेणबिण आडवं येत नाही. अकरा झाडांसाठी तीन-तीनदा पंप मारत बसायला वेळ कोणाकडे आहे?

---

बांधावरचा | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

केळीबाग भाऊ, तुमची काळजी खरी आहे, ती मी जवळून पाहिली आहे. रावेर-यावल पट्ट्यात हरण्याने उपटलेल्या बागा बघून माझ्याही पोटात कालवलेलं आहे. पण हरण्याचा विषाणू मावा एका डंखात पोचवतो, मिनिटभरही लागत नाही. औषधाने तो मरेपर्यंत विषाणू झाडात गेलेला असतो. म्हणून तिथेही पहिलं काम तण काढणं, बागेत काकडी-भोपळा न घेणं, रोगट झाड दिसलं की उपटून नष्ट करणं हेच आहे. फवारणी त्यानंतर.

ताईंच्या जास्वंदीचं वेगळं आहे. ते फूल देवाला जातं, लहान मुलं देठाकडून मध चोखतात, बायका केसांच्या तेलात घालतात. रसात उतरणारं औषध फुलाच्या मधातही उतरतं. मग मधमाशी, फुलपाखरू, शिंजीर जे जे त्या फुलावर येईल ते त्यातला वाटा घेईल. कुंडीतल्या किंवा कुंपणातल्या शोभेच्या झाडाला एवढी जोखीम का घ्यावी?

आणि दोन औषधं मिसळून देणं हे मला फार खटकलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. लेबलवर लिहिलेलं नसताना मिश्रण करून देणाऱ्याला आपणच नाही म्हणायला हवं. ताई, फवारताना तोंडाला काय बांधलं होतं?

---

वाघूरकाठ | १९ फेब्रुवारी, दुपारी १:३०

ओढणी बांधली होती दादा. हातमोजे नव्हते. दोन दिवस डोकं दुखत होतं, मी ते उन्हाचं समजले.

मागच्या बाजूला कपाशीच होती, महिन्याभरापूर्वी उपटली. आणि खत... मिस्टरांच्या भावाकडून केळीचा उरलेला युरिया येतो, तो मी दर महिन्याला मूठमूठ घालत होते. पानं मस्त हिरवीगार व्हायची.

शेंडे आज कापले. बादली भरली. झाडं इतकी उघडी दिसतायत की बघवत नाही.

---

बांधावरचा | १९ फेब्रुवारी, रात्री ८:००

युरिया बंद. आजपासून. ती हिरवीगार, लुसलुशीत पानं म्हणजे रस पिणाऱ्या किडीला वाढलेलं ताट. नत्र जास्त झालं की पेशी मऊ राहतात, रस पातळ आणि पौष्टिक होतो, किडीची सोंड सहज घुसते. कुजलेलं शेणखत आणि झाडामागे मूठभर निंबोळी पेंड द्या, वाढ सावकाश पण निबर होईल.

---

पांझरेकाठची (साक्री) | १९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी आईच्या शब्दांत सांगते. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण अंगणात तिच्यासारखं झाड कोणाचं नाही. मी धागा वाचून दाखवला तर ती पटकन म्हणाली, "पहिले मुंग्यास्ना रस्ता तोड, मंग किडास्ना इचार कर."

ताईंनी मुंग्यांचं लिहिलेलं नाही, पण त्या असणारच. किड्याच्या पाठीमागून जो गोड चिकटा गळतो त्यासाठी मुंगळे झाडावर चढतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मी स्वतः पाहिलंय, ढालकिडा फांदीवर उतरला की तीन मुंगळे त्याच्या पायाला लागतात.

आई बुंध्याला जुन्या सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी बांधते आणि त्यावर गाडीचं ग्रीस लावते. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल गुदमरते. दर पंधरा दिवसांनी पट्टी सोडून बघायची, धूळ बसली की मुंग्या तिच्यावरून चालत जातात. आणि भिंतीला, तारेला टेकलेल्या फांद्या कापायच्या, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

---

वाघूरकाठ | २० फेब्रुवारी, सकाळी ७:१०

आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. प्रत्येक बुंध्यावर काळ्या मुंगळ्यांची दुहेरी रांग. रोज समोर असून मी कधी त्याचा संबंध लावला नव्हता. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

---

पपईवाला (शहादा) | २१ फेब्रुवारी, रात्री १०:००

पिठ्याचं नाव काढलं आणि आमचे जुने दिवस आठवले. पपईवरचा पिठ्या हा बाहेरून आलेला. आपल्या देशात तो २००८ साली कोइमतूरकडे पहिल्यांदा सापडला, मग महाराष्ट्रात शिरला. झाड वरपासून खालपर्यंत पीठ ओतल्यासारखं व्हायचं, फळ व्यापारी हातात धरत नसे. आम्ही औषधांवर औषधं ओतली. आमच्या एका शेतात आठवड्याला एक फवारणी व्हायची आणि तरी बाग गेली.

मग २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणून बंगळुरूच्या संस्थेत वाढवल्या आणि ठिकठिकाणी सोडल्या. गांधीलमाशी म्हटलं की डंख आठवतो, पण ही मोहरीच्या दाण्याहून लहान, माणसाला काहीच करत नाही. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. जे पैसे ओतून झालं नाही ते या माशीने केलं, म्हणून मी आता कोणालाही आधी हेच सांगतो.

कपाशीवरच्या पिठ्याचंही तसंच झालं. २००६ नंतर तो गुजरातपासून पंजाबपर्यंत कपाशीवर माजला होता. त्याला मारणारी एक छोटी गांधीलमाशी शेतात आपोआप दिसायला लागली, कोणी सोडलेली नव्हती. तिने त्याला दाबलं.

ताई, पानामागे बघा. पिठ्याच्या गर्दीत एखादा तपकिरी, फुगीर, कडक झालेला दिसतो का? त्याला ममी म्हणतात. पाठीवर गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून कामाला लागलेली आहे. अशी ममी दिसली तर त्या फांदीवर काहीही मारू नका.

---

केळीबाग | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

पपईवाल्या भाऊंचं वाचलं. शहाद्याच्या त्या बागा मीही बघितल्या होत्या. जास्वंदीसाठी दिलेला सल्ला मागे घेतो. ताई, तुमच्या डोकेदुखीचं वाचून वाईट वाटलं. शेतात आमचे गडीही असेच उघड्या हातांनी मारतात. काल त्यांच्यासाठी हातमोजे आणि चष्मे आणले.

---

मोगरा_कण्हेर (नंदुरबार) | २ मार्च, सायंकाळी ६:१५

धाग्यात उशिरा आले, माफ करा. आमच्या फाटकापाशी कण्हेरीची रांग आहे. तिच्या कोवळ्या दांड्यांवर हळदीच्या रंगाचे, काळ्या पायांचे बारीक किडे इतके दाटलेत की दांडी हिरवी आहे हे सांगावं लागतं. बाहेरच्या रुईवरही तेच. हा पण पिठ्याच का? कण्हेर विषारी ना, मग तिला कीड लागते कशी?

---

बांधावरचा | २ मार्च, रात्री ९:००

हा मावा. कण्हेरीचा पिवळा मावा. कण्हेर आणि रुई दोन्हींच्या चिकात विष असतं, हा मावा ते पिऊन स्वतःच्या अंगात साठवतो. तो भडक पिवळा रंग म्हणजे खाणाऱ्याला दिलेली ताकीद. यात नर जवळपास नसतातच, मादी अंडं न घालता थेट पिल्लू देते, म्हणून चार दिवसांत दांडी भरून जाते.

पण घाबरू नका. कण्हेर याने मरत नाही. उन्हाळा कडक झाला की तो आपोआप ओसरतो. हातमोजे घालून दांडी बोटांत धरून खालून वर पुसून काढा आणि पाण्याची धार मारा. कण्हेरीचा चीक डोळ्यात किंवा तोंडात जाऊ देऊ नका, छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नका.

---

गिरणेचं_पाणी (पाचोरा) | ५ मार्च, सकाळी ११:२०

हे वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. आमच्या बंगल्याला मधुकामिनीचं कुंपण आहे, पावसाळ्यात वास अख्ख्या गल्लीत जातो. मागे लिंबाची वीस झाडं. तीन वर्षं लिंबाची नवी पालवी वाकडी यायची, पानावर पांढरे दोरे लटकायचे. लिंबावर फवारून फवारून थकलो.

शेवटी एका अभ्यासू मित्राने कुंपणाकडे बोट दाखवलं. कामिनी, कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. त्यांच्यावर सिला नावाचा किडा येतो. एवढासा, पण बसतो तो डोकं खाली आणि बूड वर करून, तिरका. एकदा ओळखलं की विसरत नाही. अंडी फक्त कोवळ्या पालवीत घालतो. आणि लिंबूवर्गीय झाडांचा तो ग्रीनिंग रोग, ज्याने बागच्या बागा वाळतात, तोही हाच पसरवतो. मी लिंबू धूत होतो आणि कीड कुंपणात सुखाने वाढत होती.

कामिनी काढायला मन झालं नाही. आता एक करतो. कामिनी छाटली की येणाऱ्या पालवीवर निंबोळी अर्क मारतो, लिंबाच्या पालवीवरही त्याच आठवड्यात. कढीपत्त्यावर मात्र नुसती पाण्याची धार, कारण तो रोज फोडणीत जातो.

---

वाघूरकाठ | ५ मार्च, दुपारी ३:४५

गिरणेचं पाणी दादा, निंबोळी अर्क घरी करता का? प्रमाण सांगाल?

---

गिरणेचं_पाणी | ५ मार्च, रात्री ८:३०

हो, घरचाच. शेतीत पाच टक्के म्हणतात, म्हणजे शंभर लिटरला पाच किलो. घरासाठी एका लिटरला ५० ग्रॅम. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेल्या बिया हव्यात. उन्हात वाळवल्या तर गुण जातो. गेल्या पावसाळ्यातल्या बिया आता या महिन्यापर्यंत चांगल्या, त्यानंतर जोर कमी होत जातो.

भरड कुटायच्या, फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी पुरचुंडी पिळत राहायचं, पाणी ताकासारखं पांढरट होतं. गाळायचं, थोडा साबण घालायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी संपवायचं. उन्हात त्यातलं द्रव्य टिकत नाही.

एक सांगतो, दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसतील. निंबोळीने कीड जागेवर पडत नाही. तिचं खाणं थांबतं, कात टाकता येत नाही, पुढची पिढी होत नाही. आठ दिवस धीर धरायचा.

---

अंगणवेडी (जळगाव) | ११ एप्रिल, दुपारी १२:५०

माझी चूक इथे लिहून ठेवते, कोणाची तरी झाडं वाचतील. धागा वाचून मी साबणाचं पाणी करायला घेतलं. घरात कपड्यांची पावडर होती, तीच दोन चमचे घातली आणि सकाळी साडेदहाला मोगऱ्यावर आणि जास्वंदीवर मारली. पारा ४३ वर. संध्याकाळी पानांच्या कडा तांबूस, दुसऱ्या दिवशी कागदासारख्या कुरकुरीत. मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या गेल्या.

आणि दुसरं, त्याआधी अंगाच्या साबणाने केलं होतं तेव्हा पाण्यात दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, पंपाचं नाक बंद पडलं. असं का?

---

बांधावरचा | ११ एप्रिल, रात्री ९:३०

ताई, बोअरचं पाणी होतं ना? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. साबण त्या क्षारांशी बांधला जातो, गुठळ्या होतात आणि किडीवर चालणारा साबण उरतच नाही. नळाचं, फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी वापरा. कपड्यांची पावडर झाडाला नको, ती पानावरचं मेणही काढते. हात धुण्याचा सौम्य पातळ साबण लिटरला पाच मिली पुरे. कडुनिंबाचं तेल घालायचं असेल तर तेही लिटरला पाच मिली, पण आधी साबण थोड्या कोमट पाण्यात, मग त्यात तेल घालून खूप हलवा, दुधाळ झालं की उरलेलं पाणी घाला. तेल वर तरंगत असेल तर मारू नका, पान करपेल.

आणि चैत्र-वैशाखात फवारणी सूर्य मावळल्यावरच. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. दुपारी कोमेजलेल्या झाडावर काहीही मारायचं नाही, आधी मुळाला पाणी. मोगरा परत फुटेल, करपलेले शेंडे हलके छाटा.

---

अंगणवेडी | १२ एप्रिल, सकाळी ७:००

धन्यवाद दादा. अजून एक. गुलाबाची पानं धुरकट, राखी झालीत, खालून बारीक जाळी दिसते. पांढऱ्या कागदावर पान झटकलं तर लाल ठिपके चालतात. यावर तेच निंबोळी तेल?

---

बांधावरचा | १२ एप्रिल, सकाळी ८:४०

कागदावर झटकलंत हे फार छान केलंत. हा लाल कोळी. आठ पायांचा, म्हणजे कीटकच नाही. म्हणून कित्येक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे दुसरे कोळी मरतात आणि तो वाढतो. त्याला कोरडं ऊन आणि धूळ आवडते, आपला एप्रिल म्हणजे त्याचा सण. सकाळी लवकर पानांच्या पाठी धुवा, एक दिवसाआड, आठवडाभर. रस्त्याकडेच्या झाडावर धूळ बसू देऊ नका. कडुनिंबाचं तेल चालेल, संध्याकाळी.

---

वाघूरकाठ | ९ मे, सायंकाळी ७:३०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. तीन फवारण्या झाल्या, ग्रीसच्या पट्ट्या चालू आहेत, गाजरगवत उपटलं. अकरापैकी आठ झाडांना सरळ पालवी आली. दोन अजून अर्धी आखडलेली. कोपऱ्यातली, जिथून सुरुवात झाली ती लाल जास्वंद मात्र गेली. बुंधा ओरबाडून बघितला, आत हिरवं नव्हतं.

आज एक विचारायचंय. त्या आखडलेल्या दोघींपैकी एकीवर पिठ्यापेक्षा मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे किडे दिसतायत. पिठ्याच मोठा झाला असं समजून चिरडायला काडी घेतली, पण ते चक्क पळाले. पिठ्या इतका भरभर चालत नाही ना? म्हणून थांबले.

---

पपईवाला | ९ मे, रात्री ८:१०

ताई, थांबलात ते फार बरं केलंत! काडीने एक अलगद उलटा करा. खाली सहा ठळक पाय आणि पुढे चावरं तोंड दिसलं तर ती ढालकिड्याची अळी. पिठ्याच्या वेशात पिठ्या खाते. झिपऱ्या लांब, चाल भरभर, हीच ओळख. अशीच अळी असलेला एक ढालकिडा १८९८ साली मुद्दाम ऑस्ट्रेलियाहून दक्षिण भारतातल्या कॉफीसाठी आणला होता, आपल्याकडचे देशी छोटे ढालकिडेही असेच झिपरे असतात. कोणता का असेना, तो तुमच्या झाडावर आपण होऊन आलाय.

आता त्या झाडावर साबणही नको, तेलही नको. ग्रीसची पट्टी तेवढी ताजी ठेवा, मुंगळे वर गेले तर त्याला जगू देणार नाहीत.

---

वाघूरकाठ | ९ मे, रात्री ८:५५

उलटा केला. सहा पाय. अकरा मोजले त्या एका झाडावर. परत ठेवला जागेवर.

---

पांझरेकाठची | १० मे, सकाळी ६:२०

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाळलेली जास्वंद उपटल्यावर त्या खड्ड्यात लगेच जास्वंद लावू नका, एक पावसाळा झेंडू घ्या.

---

वाघूरकाठ | ३ जुलै, रात्री ९:१५

पाऊस झाला. फरशी धुऊन निघाली, पानांवरची काजळी सुटून गेली. ते झिपरे जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसेनासे झाले. आखडलेले शेंडे मी कापलेच नाहीत, त्यांनी आतून साफ केलेले होते. काल पानामागे पपईवाल्या दादांनी सांगितलेली तपकिरी ममी सापडली, पाठीवर गोल भोक. भिंगातून मुलीला दाखवली, ती पंधरा मिनिटं तिथून हलली नाही.

एका झाडावर अजून थोडा कापूस आहे. तो तसाच ठेवलाय, ढालकिड्यांना काहीतरी खायला हवं.

कोपऱ्यात झेंडू लावला. दुहेरी जास्वंदीची एक काडी कुंडीत रुजत घातलीय, दोन पानं आलीत, श्रावणानंतर बघू. समोरच्या शाळेच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलाय, रोज सकाळी अर्धी पिशवी वेचते. गर धुऊन बिया वरच्या खोलीत सुपात पसरल्यात. अंगणवेडी ताई, तुम्हाला हव्या असतील तर कळवा, पुढच्या आठवड्यात जळगावला येतेय, घेऊन येईन.

---

अंगणवेडी | ३ जुलै, रात्री ९:४०

हव्यात! मोगऱ्याची कलमं बदल्यात. फुटला तो, भरभरून.